उसना रस्ता : बर्डवुड गाव आणि जुन्या मोटारींचा मेळा

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर ॲडलेड नावाचे मोठे शहर आहे. शहराच्या पूर्वेला डोंगरांची रांग आहे, आणि त्या डोंगरांत शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर बर्डवुड नावाचे एक लहानसे गाव वसलेले आहे. गावातून एकच मुख्य रस्ता जातो. दोन्ही बाजूंना थोडीफार दुकाने आणि जुनी दगडी घरे, आणि गावाबाहेर पडले की गुरांची कुरणे, असा एकंदर थाट. वर्षभर शांत असणाऱ्या या गावात एका रविवारी मात्र पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या दिवशी शेकडो जुन्या मोटारी समुद्रकिनाऱ्यावरून निघून डोंगर चढत या गावी येतात.

आमच्या वाचकांना वाटेल की, या परक्या गावाचे आणि तिथल्या मोटारींचे आपल्याला काय? तर त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, या गावाला ज्याचे नाव दिले आहे तो मनुष्य पुण्याजवळच्या खडकीत जन्मला होता. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. एखाद्या समारंभासाठी गावाचा रस्ता अडतो तेव्हा तो रस्ता नेमका कोणाचा, हा प्रश्न त्या डोंगरात जसा पडतो तसाच आपल्या मॉरिशसमध्येही पडतो. गणेशचतुर्थी असो वा महाशिवरात्र, आपणही रस्ता अडवतोच. म्हणून दुसऱ्याच्या घरी काय घडते ते पाहून घेणे बरे.

आधी नावाची हकीकत सांगू. या डोंगरांत मूळची वस्ती पेरामंक या आदिवासी लोकांची. पुढे १८३६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत प्रशियातून धर्मपंथाच्या छळाला कंटाळलेली लूथरपंथी कुटुंबे येथे येऊन राहिली. त्यांनी आपल्या भाषेतली नावे गावांना दिली. १८४२ साली वसलेल्या एका गावाला त्यांनी लोबेथाल म्हटले, म्हणजे स्तुतीचे खोरे. हे नाव त्यांनी बायबलातून घेतले. आज ज्याला बर्डवुड म्हणतात त्या गावाचे नाव तेव्हा ब्लुमबर्ग होते, म्हणजे फुलांचा डोंगर. शेती करावी, पिठाची गिरणी चालवावी, रविवारी देवळात जावे, असा त्या लोकांचा साधा क्रम होता.

मग १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. जर्मनी शत्रू झाला आणि त्याबरोबर जर्मन नावेही शत्रूची झाली. १९१७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाने कायदाच केला आणि राज्यातली ६९ जर्मन नावे पुसून टाकली. लोबेथालचे ट्वीडव्हेल झाले. हानडॉर्फचे ॲम्बलसाइड झाले. ब्लुमबर्गला सेनापती विल्यम बर्डवुड यांचे नाव मिळाले. १९१५ साली गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या सैन्याचे आधिपत्य त्यांच्याकडे होते, त्यामुळे ऑस्ट्रेलियात त्यांचे नाव घरोघरी पोचले होते. १९३५ साली लोबेथाल व हानडॉर्फ यांना त्यांची जुनी नावे परत मिळाली. बर्डवुड मात्र बर्डवुडच राहिले.

हे बर्डवुड १३ सप्टेंबर १८६५ रोजी खडकी येथे जन्मले. ज्या खडकीच्या मैदानावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली, तीच ही खडकी. त्यांचे घराणे मुंबई इलाख्यात मुरलेले होते. वडील हर्बर्ट बर्डवुड मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. चुलते जॉर्ज बर्डवुड १८३२ साली बेळगावात जन्मले. मुंबईत भायखळ्याला जे जुने वस्तुसंग्रहालय आहे, त्याच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड व जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर या जॉर्ज बर्डवुडांचाही हात होता. गंमत अशी की, इंग्रज राणी आणि तिच्या पतीचे नाव असलेल्या त्या संग्रहालयाचेही नाव १९७५ साली बदलले आणि ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झाले. काळ फिरला की पाट्या बदलतात, हे जगभर चालत आले आहे. आपल्याकडेही बोटीवरून उतरलेल्या पूर्वजाचे नुसते नाव कारकुनाने वहीत जसे ऐकले तसे लिहिले, आणि तेच पुढे नातवंडांचे आडनाव होऊन बसले. म्हणून ब्लुमबर्गच्या जुन्या कुटुंबांना काय वाटले असेल, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मोटारींकडे वळू. बर्डवुडमध्ये जी जुनी पिठाची गिरणी होती, तिच्या इमारतीत १९६० च्या दशकात जुन्या वस्तूंचे एक खासगी संग्रहालय सुरू झाले. १९७६ साली राज्य सरकारने ते विकत घेतले. आज ते ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय मोटार संग्रहालय म्हणून ओळखले जाते. तेथे शेकडो वाहने जपून ठेवली आहेत. त्यांत टॉम क्रूझ यांचा लेलँड बॅजर ट्रकही आहे. वाळवंटातून, वाळूच्या टेकड्या आणि पुराचे ओढे पार करीत, बर्ड्सव्हिल या दूरच्या गावी टपाल पोचवण्याचे काम क्रूझ यांनी केले. १९५४ साली त्यांच्यावर एक माहितीपटही निघाला. रस्ता नसलेल्या मुलखात माणसांना पत्र पोचवणारा हा ट्रक पाहायला लोक आजही लांबून येतात.

या संग्रहालयाच्या ओढीने १९८० साली ‘बे टू बर्डवुड’ हा मेळा सुरू झाला. ‘बे’ म्हणजे ॲडलेडजवळचा ग्लेनेल्गचा समुद्रकिनारा. इंग्लंडात लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मोटारींची फेरी फार वर्षांपासून निघते, तिचे उदाहरण पुढे ठेवून ही कल्पना निघाली. किनाऱ्यावरून निघायचे, शहर ओलांडायचे, डोंगर चढायचा आणि सुमारे ७० किलोमीटर चालून बर्डवुडला पोचायचे. दीड हजाराच्या आसपास वाहने यात भाग घेतात. हँडल मारून सुरू करावी लागणारी मोटार असते, पितळी दिव्यांची असते, लाकडी चाकांची असते, आणि १९४८ साली ऑस्ट्रेलियात बनलेली पहिली होल्डनही असते. माणसे त्या त्या काळचे कपडे घालून बसतात. रस्त्याच्या कडेला कुटुंबेच्या कुटुंबे घडीच्या खुर्च्या टाकून, फराळाचे डबे उघडून, येणाऱ्या प्रत्येक मोटारीला हात हलवीत असतात.

ही शर्यत नाही. कोण आधी पोचला याला महत्त्व नाही, पोचला याला महत्त्व आहे. चढणीवर एखाद्या म्हाताऱ्या गाडीच्या रेडिएटरमधून वाफ निघू लागली की ती बाजूला उभी राहते आणि मागची पुढे जाते. त्यामुळे या मेळ्यासाठी सबंध मार्ग दिवसभर बंद करण्याची गरज पडत नाही. रोजची वाहने आणि जुनी वाहने एकाच रस्त्यावरून चालतात. अर्थात त्या दिवशी ज्याला घाईने शहरात जायचे आहे, त्याच्यापुढे ताशी ३० किलोमीटरच्या चालीची रांग असते. तो कपाळाला आठ्या घालतो, पण निदान त्याला जाता तरी येते.

तेथील लोकांना जुन्या मोटारींचे एवढे वेड का, हेही समजून घेतले पाहिजे. ॲडलेडच्या उत्तरेला एलिझाबेथ येथे होल्डनचा मोठा कारखाना होता. हजारो कुटुंबे त्यावर जगत होती. दक्षिणेकडे टॉन्स्ली येथे मित्सुबिशीचा कारखाना होता, तो २००८ साली बंद झाला. २० ऑक्टोबर २०१७ रोजी एलिझाबेथच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर आली, आणि ऑस्ट्रेलियातील मोठ्या प्रमाणावरचा मोटारनिर्मितीचा धंदा त्या दिवशी संपला. तेव्हा रस्त्याकडेला उभा असलेला एखादा म्हातारा होल्डनकडे पाहतो, तेव्हा त्याला त्यात आपले तारुण्य दिसत असते. आपल्याकडे साखर कारखान्यांची धुराडी एकामागून एक थंड झाली. ज्यांच्या आजोबांनी तेथे घाम गाळला आहे, त्यांना ही भावना परकी वाटणार नाही.

पण मोटारींच्या समारंभाचा दुसराही एक प्रकार आहे, आणि त्यात गावाचा रस्ता खरोखर बंद होतो. तो प्रकार म्हणजे वेगाची शर्यत.

ऑस्ट्रेलियात शर्यतींसाठी खास बांधलेले मार्ग पूर्वी फारसे नव्हते. म्हणून शर्यती गावच्या रस्त्यांवरच होत. १९२८ साली फिलिप बेटावर मातीच्या सार्वजनिक रस्त्यांवर १०० मैलांची शर्यत झाली, तिलाच पुढे ऑस्ट्रेलियाची पहिली ग्रां प्री म्हटले गेले. बर्डवुडच्या शेजारच्या लोबेथालमध्ये १९३७ ते १९४८ या काळात, महायुद्धाची वर्षे सोडून, शर्यती भरत. लोबेथाल, चार्ल्सटन आणि माउंट टोरेन्स या गावांना जोडणारा सुमारे १४ किलोमीटरचा त्रिकोण हाच शर्यतीचा मार्ग होता. २ जानेवारी १९३९ रोजी तेथे ऑस्ट्रेलियाची ग्रां प्री झाली आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ॲलन टॉमलिन्सन या तरुणाने लहानशी एमजी मोटार हाकून ती जिंकली. दुकाने, घरे आणि कुंपणाच्या तारा यांच्यामधून मोटारी सुसाट जात होत्या, आणि प्रेक्षक कडेला उभे होते.

टास्मानिया बेटावरच्या लाँगफर्ड गावात १९५३ ते १९६८ अशीच शर्यत होई. तेथील मार्ग रेल्वेचा रूळ ओलांडून, रेल्वेच्या कमानी पुलाखालून आणि लाकडी पुलांवरून जात असे. एक वळण तर गावच्या पबच्या दाराशीच होते. १९५९ आणि १९६५ साली तेथे ऑस्ट्रेलियाची ग्रां प्री झाली. १९६५ च्या शर्यतीत एक तरुण चालक आणि एक छायाचित्रकार असे दोघे ठार झाले. न्यू साउथ वेल्समधील बाथर्स्ट येथे डोंगरावरचा मार्ग १९३८ साली खुला झाला. तो मात्र आजही चालू आहे, आणि विशेष म्हणजे तो आजही सार्वजनिक रस्ता आहे. त्याच्या कडेला लोकांची घरे आहेत. शर्यत नसेल तेव्हा तुम्ही आम्ही कोणीही तेथून गाडी नेऊ शकतो, मात्र ताशी ६० किलोमीटरच्या मर्यादेत. शर्यतीच्या दिवशी त्याच घरांतल्या माणसांना अंगणाबाहेर पडण्यापूर्वी विचार करावा लागतो.

१९९२ साली टास्मानियात टार्गा टास्मानिया नावाची रॅली सुरू झाली. सिसिली बेटावरच्या टार्गा फ्लोरिओ या प्रसिद्ध शर्यतीवरून हे नाव घेतले आहे. जुन्या व नव्या वेगवान मोटारी सबंध बेटभर फिरत. मार्गाचे तुकडे पाडलेले असत. ज्या तुकड्यावर वेळ मोजायची तो रस्ता काही तास पूर्ण बंद करायचा, आणि दोन तुकड्यांमधले अंतर मात्र सर्वांबरोबर कायदा पाळून कापायचे. ॲडलेडच्या डोंगरांतही १९९७ पासून काही वर्षे ‘क्लासिक ॲडलेड’ ही रॅली याच रीतीने होत असे, आणि पुढे तिच्या जागी नवी रॅली आली.

असा रस्ता बंद करणे म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या १९६१ च्या रस्ते वाहतूक कायद्यात याची तरतूद आहे. मंत्री एखाद्या समारंभासाठी ठरावीक रस्ता ठरावीक वेळेपुरता बंद करण्याचा हुकूम देऊ शकतो. त्यात भाग घेणाऱ्यांना वेगमर्यादेसारख्या नियमांतून सूटही देऊ शकतो. पण ज्या कौन्सिलच्या हद्दीत तो रस्ता येतो, त्या कौन्सिलची संमती लागते, आणि लोकांना आधी जाहीर सूचना द्यावी लागते. सारांश, सरकारलाही गावाला विचारल्यावाचून गावाचा रस्ता देता येत नाही.

कागदावर हे छान दिसते. प्रत्यक्षात शर्यतीच्या दिवशी काय होते? पहिली मोटार येण्याच्या बरेच आधी रस्त्याला आडवे बांबू लागतात. फाट्याफाट्यावर पंच उभे राहतात. प्रत्येक घराच्या फाटकासमोरून मोटारी जाणार असल्याने फाटकातून वाहन बाहेर काढण्यास मनाई असते. दोन मोटारींच्या मध्ये मोकळा वेळ दिसला तरी ओलांडता येत नाही. वळणाआडून येणारी मोटार डोळ्याला दिसेपर्यंत ती अंगावर आलेली असते. शेवटची मोटार गेली, मागून पाहणी करणारी गाडी गेली, म्हणजे रस्ता मोकळा. एखाद्या चालकाला अपघात झाला तर मात्र ठरलेली वेळ हुकते, आणि सगळे गाव ताटकळत बसते.

डोंगरातल्या गावाला पर्यायी रस्ता अनेकदा नसतो. गायींची धार दिवसातून दोनदा काढावीच लागते, आणि दुधाच्या टँकरने वेळेवर यावेच लागते. कोणाच्या पाळण्यात तान्हे मूल असते, कोणाला रुग्णालयात रक्त शुद्ध करून घेण्याची वेळ गाठायची असते, कोणाच्या घरी मयत झालेली असते. अशा वेळी शर्यत थांबवून रुग्णवाहिकेला वाट देण्याची सोय संयोजकांना ठेवावी लागते. परंतु सगळीच निकड रुग्णवाहिकेची नसते. धाकट्या मुलाची परीक्षा, म्हाताऱ्या आईचा रविवारचा चर्च, दुकानात कामावर हजर राहण्याची वेळ, यांसाठी कोणी शर्यत थांबवीत नाही. या लहान गोष्टींचाच राग माणसाच्या मनात साठतो.

दुकानदारांचेही सर्वांचे सारखे नसते. ज्याची बेकरी किंवा पब मार्गावर आहे, त्याचा त्या दिवशी आठवड्याचा धंदा होतो. ज्याचे दुकान बांबूच्या पलीकडे पडले, त्याच्याकडे नेहमीचे गिऱ्हाईकही फिरकत नाही. ‘गावाला पैसा मिळतो’ असे म्हणणे सोपे आहे. पण कोणाच्या गल्ल्यात पडतो आणि कोणाच्या गल्ल्यातून जातो, हे घरोघरी विचारावे लागते.

आणि त्या डोंगरांत आगीचे भय आहे. १६ फेब्रुवारी १९८३ च्या वणव्यांत दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ माणसे गेली. २० डिसेंबर २०१९ रोजी कडली क्रीक येथे पेटलेला वणवा लोबेथालच्या घरांपर्यंत आला. सुमारे २३,००० हेक्टर जमीन होरपळली, ८० हून अधिक घरे जळाली, एक माणूस दगावला. अशा दिवशी लोकांनी बाहेर पडायचे आणि बंबांनी आत जायचे ते याच अरुंद वळणांच्या रस्त्यांनी. ज्याने धुरातून आपली मुले गाडीत घालून बाहेर काढली आहेत, त्याच्या लेखी रस्ता म्हणजे घराचे दार असते. ते दार चार तास दुसऱ्याच्या हाती द्यायचे, तर त्याने शंभर प्रश्न विचारावेत यात वावगे काय?

टार्गा टास्मानियाची गोष्ट तर फार दुःखाची झाली. २०२१ च्या रॅलीत तीन माणसे ठार झाली. २०२२ मध्ये आणखी एक गेला. त्यानंतर तेथील राष्ट्रीय मोटार क्रीडा संघटनेने अशा रॅलींना स्थगिती दिली, आणि २०२३ ची टार्गा झाली नाही. ३० वर्षांची परंपरा, बेटाला मिळणारे नाव, हॉटेलवाल्यांचा धंदा, हे सगळे त्या चार कुटुंबांच्या दुःखापुढे उणे पडले. जे गावकरी वर्षानुवर्षे ‘हे आमच्या नेहमीच्या वळणावर होते आहे, जपा’ असे सांगत असतील, त्यांनाही त्यात काही समाधान वाटले नसेल.

मग दोन्ही प्रकारांतून शिकायचे काय? आमच्या मते, समारंभासाठी घेतलेला रस्ता हा उसना घेतलेला रस्ता आहे. आपल्या आजी शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणीत, तेव्हा त्यांचा एक शिरस्ता होता. स्वतः जाऊन मागायची, किती हवी ते सांगायचे, सांगितलेल्या दिवशी परत द्यायची, आणि देताना वाटी शिगोशीग भरून द्यायची. ज्या घरी हा शिरस्ता पाळला जाई, त्या घराला कोणी कधी नाही म्हटले नाही. बर्डवुडचा मेळा इतकी वर्षे टिकला. त्याचे एक कारण आम्हाला असे दिसते की, तो गावाकडून फार थोडे मागतो आणि पुष्कळ परत देतो. रस्ता चालू राहतो, मुलाबाळांना पाहायला मिळते, आणि शेवटी सगळी मंडळी गावातच उतरतात.

महाराष्ट्रात याहून फार मोठे उदाहरण आहे. आषाढी वारीसाठी आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी पंढरपूरला निघते. लाखो वारकरी पायी चालतात. पालखी दिवे घाटातून सासवडकडे जाते त्या दिवशी घाटातली वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवतात. पोलीस आधीच वेळापत्रक जाहीर करतात. मार्गावरच्या गावांचा रस्ता तासन् तास भरलेला असतो. तरीही ती गावे वाट अडली असे म्हणत नाहीत. दारात रांगोळी काढतात, पिठले-भाकरी करतात, पाण्याचे पिंप भरून ठेवतात. कारण त्या गावांतलेही कोणी ना कोणी वारीत चालत असते. समारंभ गावाचा असेल तर रस्ता बंद झाल्याचे ओझे वाटत नाही. समारंभ बाहेरून येऊन गावावर बसला तर तासाभराची अडवणूकही जाच वाटते.

आता आपल्या बेटाकडे पाहू. आपला देश लहान, रस्ते अरुंद, आणि वस्ती दाट. शामारेलला किंवा बे द्यु कापला राहणाऱ्याला ठाऊक आहे की, एक वळण अडले की सारे गाव अडले. माकोंदेच्या वळणावर दोन बसगाड्या समोरासमोर आल्या तरी काय होते ते आपण पाहतो. महाशिवरात्रीला गंगातलावाकडे जाणाऱ्या कावडी दर वर्षी मोठ्या होत गेल्या आणि सरकारला त्यांच्या आकाराबद्दल नियम घालावे लागले. आपल्या गणपतीच्या मिरवणुका समुद्राकडे किंवा नदीकडे निघतात तेव्हा ढोल-झांजांच्या गजरात आपण विसरतो की, मागे थांबलेल्या गाड्यांत कोणी क्रेओल शेजारी आजारी मुलाला घेऊन बसला असेल, कोणी मुसलमान भाऊ नमाजाची वेळ गाठीत असेल, कोणी चिनी दुकानदार दुकान उघडायला निघाला असेल. बाप्पा विघ्नहर्ता आहे. त्याच्या मिरवणुकीने कोणाला विघ्न होऊ नये, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.

त्यासाठी फार खर्च नको. मंडळाच्या दोन माणसांनी आठ दिवस आधी मार्गावरच्या प्रत्येक घरी जावे, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो. मिरवणूक किती वाजता येईल, किती वाजता पुढे जाईल, ते तोंडी सांगावे आणि कागदावर लिहूनही द्यावे. घरात कोणी आजारी आहे का, त्या दिवशी कोणाला बाहेर जायचे आहे का, हे विचारावे आणि वहीत टिपून घ्यावे. पोलिसांची परवानगी काढली म्हणजे शेजारधर्म संपला असे मानू नये. मिरवणुकीत एक धट्टाकट्टा तरुण केवळ एवढ्याच कामाला ठेवावा की, मागून रुग्णवाहिका आली तर ढोल थांबवून, मूर्तीची गाडी कडेला घेऊन, वाट करून द्यायची. सांगितलेल्या वेळी रस्ता मोकळा करावा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन मार्गावरची फुले, कागद आणि बाटल्या उचलाव्यात. त्याच फेरीत वाटेवरच्या घरांत मोदकांची एक एक पुडी दिली, तर वाटी शिगोशीग भरून परत केल्यासारखे होईल.

आमच्या ओळखीत असे शेजारी आहेत, जे स्वतः हिंदू नाहीत, पण मिरवणुकीच्या दिवशी आपल्या फाटकाशी उभे राहून मुलांना सरबत देतात. त्यांना आमंत्रण गेले होते, म्हणून ते उभे राहिले. न विचारता त्यांच्या दारासमोर तासभर ढोल वाजवला असता, तर तेच शेजारी पडदे ओढून आत बसले असते.

खडकीत जन्मलेल्या सेनापतीच्या नावाचे ते ऑस्ट्रेलियातले गाव आपल्यापासून हजारो मैल दूर आहे. तेथील मोटारी पाहण्याचा योग आपल्यापैकी थोड्यांनाच येईल. मेलबर्नला किंवा पर्थला ज्यांची मुले-नातवंडे आहेत, त्यांनी तिकडे गेल्यावर ॲडलेडचा बेत आखावा, आणि गिरणीतले ते संग्रहालय अवश्य पाहावे. इतरांनी निदान एवढे करावे की, यंदाच्या चतुर्थीपूर्वी मंडळाची जी सभा भरेल, तिच्यात मूर्ती किती फुटांची आणि ढोल किती, याबरोबर आणखी एक विषय कार्यक्रमपत्रिकेवर घालावा : रस्ता कोणाकडून उसना घ्यायचा आहे, आणि त्याला विचारायला कोण जाणार.